टाटाच्या चारशेसात टेम्पोची पुढची काच घरच्या घरी बदलताना

पेठ नाक्याहून सांगलीकडं येताना पुढं खडीचा डंपर दिसला की मी आपला मागं राहतो. कुणी हॉर्न मारू दे, कुणी काय बोलू दे. ही अक्कल दोन काचा गेल्यावर आली. पहिली गेली तेव्हा ऐन द्राक्षाच्या हंगामात गाडी गॅरेजला अडकली आणि तासगावच्या बागेतला माल दुसऱ्याच्या गाडीनं गेला. म्हणून दुसरी काच मी स्वतःच बसवली. ती आठ दिवसांत, गाडी दारात उभी असताना, आपोआप तडकली. तिसरीही मीच बसवली आणि ती अजून आहे. दोन-तीन पावसाळे गेले, आत थेंब नाही.

दुसरी आणि तिसरी काच एकाच दुकानातली, एकाच मापाची. फरक होता तो ज्यात काच बसते त्या पत्र्याच्या चौकटीत. नवखा माणूस सगळा जीव काचेत ठेवतो आणि चौकटीवर नुसतं फडकं मारून पुढं जातो. मीही तेच केलं होतं. त्यामुळं इथं काचेपेक्षा पत्र्यावरच जास्त बोलणार आहे.

तुमची काच कुठल्या जातीची?

हे लिहितोय ते रबरात बसणाऱ्या काचेबद्दल. टाटाची चारशेसात १९८६ साली आली, आणि त्या काळच्या बहुतेक ट्रक-टेम्पोंच्या पुढच्या काचा रबरातच बसायच्या. नव्या गाड्यांत काच थेट पत्र्याला चिकटवतात. ओळखायला सोपं आहे. केबिनमध्ये बसा आणि काचेच्या कडेचं रबर नखानं उचलून बघा. रबराचा ओठ उचलला जातोय आणि त्याच्या आत पत्र्याची कड दिसतेय, तर काम तुमच्या आवाक्यातलं. ओठ नाही, नुसता काळा घट्ट डिंकासारखा थर आहे, तर काच चिकटवलेली. ती घरी काढू नका. तिला कापायची तार वेगळी, प्रायमर वेगळा, आणि चिकटवणं चुकलं तर अपघातात काच जागेवर राहत नाही. ते काम काचवाल्याला द्या.

दुसरी गोष्ट विम्याची. गाडीला फक्त थर्ड पार्टी असेल तर काचेचे पैसे मिळणार नाहीत, विषय संपला. फुल विमा असेल तर काचेला हात लावायच्या आधी कंपनीला कळवा आणि फोटो काढून ठेवा. काच काढल्यावर दावा करायला गेलात तर ऐकून कोण घेणार?

आणि तडा पाच रुपयाच्या नाण्याएवढा, ड्रायव्हरच्या नजरेसमोर नाही, कडेपर्यंत गेलेला नाही, असं असेल तर काच बदलायची घाई नको. असा तारा राळ भरून थांबवता येतो. मात्र तोवर तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. उन्हात उभी गाडी धुवायला घेतली आणि बोटभर तडा हातभर झाला, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

काच आणि रबर घेताना

पुढची काच लॅमिनेटेडच घ्यायची. म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. दगड लागला तर जाळं पडतं पण तुकडे अंगावर येत नाहीत. फार जुन्या गाड्यांना पुढं टफन काच असायची. ती फुटली की सगळीच्या सगळी साबुदाण्यासारखी होते आणि धावत्या गाडीत समोरचं काही म्हणता काही दिसत नाही. काचेच्या कोपऱ्यात आयएस २५५३ असा शिक्का आणि आयएसआयची खूण आहे का बघा. शिक्का नसलेली काच स्वस्त मिळते, ती घेऊ नका. रंगीत काचेचाही मोह नको. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणं पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, आणि काळ्या फिल्मवर तर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच बंदी घातली. आठ वर्षांवरच्या गाडीला दर वर्षी पासिंग करावं लागतं, तिथं उगाच अडकाल.

दुकानात जाताना गाडीचं मॉडेल आणि साल लिहून न्या. त्याहून चांगलं म्हणजे काचेची लांबी-रुंदी टेपनं मोजून, चारही कोपऱ्यांचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून न्या. मॉडेल तेच असलं तरी जुन्या गाडीची केबिन मागं कधीतरी बदललेली असू शकते. आमच्याकडं अशा गाड्या पैशाला पासरी.

काच हातात घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. कडेवरून बोट फिरवा, हातमोजा घालून. कुठं टवका निघालाय का? टवका असेल तर तिथूनच तडा जाणार, दुकानदार काहीही म्हणू दे. मग काचेतून समोरचा विजेचा खांब बघा आणि डोकं डावीकडं-उजवीकडं हलवा. खांब सापासारखा वळवळला तर काच लाटेची आहे, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे जातील. शेवटी थर सुटून कडेला पांढरट डाग आलेत का ते बघा.

रबर नवंच घ्यायचं. जुनं रबर उन्हानं कडक झालेलं असतं, आखडलेलं असतं. काचेला एवढे पैसे मोजल्यावर रबराचे पैसे वाचवत बसू नये. काही रबराला मध्ये वेगळी लॉकपट्टी असते, म्हणजे रबर बसल्यावर खाचेत ठोकायची पट्टी. तीही सोबत घ्या. तयार गोल रबर मिळालं तर उत्तम. मीटरवर घेतलं तर काचेच्या घेरापेक्षा बोटाच्या पेरभर जास्तच कापा. रबर पुढं आखडतं, नेमकं कापलं तर वर्षभरात सांध्यात फट पडते.

घरी आणताना काच उभी आणायची, कडेवर, खाली पोतं घालून आणि दोन्ही बाजूंनी आधार देऊन. आडवी टाकून आणली आणि एक खड्डा लागला की गेली. परतीचा रस्ता कुठला ते मी सांगायला नको.

सामान आणि माणसं

दोन माणसं तरी लागतात, तिसरा असला तर बरं. एकट्यानं करायचं हे काम नाही.

नायलॉनची गुळगुळीत दोरी, साधारण पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक. काचेचा घेर मोजा आणि वर मीटरभर जास्त घ्या. सुतळी चालत नाही, ती ओढताना तुटते आणि तिचे तूस रबरात राहतात. बांबूची चपटी कामठी, टोक घासून गुळगुळीत केलेली, ओठ उचलायला. स्क्रूड्रायव्हर वापरायचा मोह होतो, पण लोखंड काचेच्या कडेला लागलं की टवका. कटर, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेडऑक्साइड (रंगाआधी मारायचा, गंज रोखणारा लाल थर) आणि गाडीच्या रंगाचा छोटा डबा. चष्मा, जाड हातमोजे. दोन जुन्या वाकळा. आणि साबणाचं पाणी, मग शाम्पूची पुडी घोळा किंवा भांडी घासायचं लिक्विड. ग्रीस, ऑइल, डिझेल यातलं काहीही रबराला लावू नका. लावताना सरसर बसतं, पण तेलानं रबर फुगतं आणि मऊ पडतं.

जुनी काच काढणं

आधी फास्टॅगचं बघा. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे आणि तो काचेवरून सोलून काढला की निकामी होतो, तशीच त्याची रचना आहे. काच बदलायचं ठरलं की त्याच दिवशी ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडं बदली टॅग मागवा. खातं तेच राहतं, शिल्लक जात नाही. हे विसरलात तर किणी किंवा तासवडे टोलनाक्यावर आठवेल.

मग वायपर काढा. ते बंद असताना काचेवर कुठं टेकतात तिथं खडूनं खूण करून तिचा फोटो घ्या, नाहीतर परत बसवताना एक वायपर बॉनेटला लागतो आणि दुसरा अर्ध्यातच थांबतो. आतला आरसा, लिंबू-मिरची, देवाचा फोटो सगळं काढून ठेवा. डॅशबोर्डवर एक वाकळ पसरा आणि हवेच्या जाळ्यांवर टेप लावा. त्यात काचेचा चुरा गेला तर पुढं सहा महिने पंखा लावला की डोळ्यात येतो.

फुटलेल्या काचेवर बाहेरून आणि आतून चिकटपट्टीच्या फुल्या मारा. लॉकपट्टी असेल तर तिचं टोक शोधून ती ओढून काढा. आता बाहेरच्या बाजूनं, रबराचा जो ओठ काचेवर येतो तो कटरनं कापत चला. पातं काचेला टेकवून, आडवं. पत्र्याच्या बाजूला पातं लावलंत तर रंग ओरखडतो आणि गंजाला दार उघडतं. सगळा ओठ कापला की काच मोकळी होते. आतून एकानं वरच्या कोपऱ्यात तळव्यानं हळू दाबायचं, बाहेर दोघांनी धरून घ्यायची. सीटवर बसून पायानं काच ढकलायची जुनी पद्धत आहे, सगळ्या गॅरेजांत चालते. फुटक्या काचेला मात्र पाय लावू नका.

चौकट

आता बाहेर या, चहा घ्या आणि रिकाम्या चौकटीकडं नीट बघा.

रबर ज्या पत्र्याच्या कडेवर चढतं ती कड काचेच्या भोवती सगळीकडं सरळ, सारख्या जाडीची आणि गुळगुळीत असली पाहिजे. जुन्या गाडीत ती तशी नसतेच. खालचे दोन कोपरे आधी जातात, कारण वरून आलेलं पाणी तिथं साठतं आणि रबराखाली उन्हाळ्यातसुद्धा ओल राहते. गंज चढला की पत्रा फुगतो. त्या फुगीरावर रबर बसवलं आणि रबरात काच बसवली की सगळा दाब त्या एकाच जागी येतो. काच दगडाचा मार सोसते, पण एका बिंदूवरचा सततचा दाब तिला सोसत नाही. दिवसा तापते, रात्री निवते, गाडी खड्ड्यात पिळवटते, आणि एका सकाळी डाव्या खालच्या कोपऱ्यातून रेघ निघालेली दिसते. माझी दुसरी काच अगदी अशीच गेली. मी आधी दुकानदाराशी भांडून आलो. मग रबर उचललं तर खाली शेंगदाण्याएवढा गंजाचा फोड. दुकानदाराला नंतर चहा पाजावा लागला.

तर करायचं असं. जुना सगळा सीलंट (फटी बुजवायचा चिकट मसाला), रबराचे तुकडे, माती खरवडून काढा. तारेच्या ब्रशनं गंज घासा, चमकता पत्रा दिसेपर्यंत. मग पॉलिश पेपर, आधी जाड मग बारीक. कड कुठं आत-बाहेर वाकली असेल तर मागं लोखंडी ठोकळा धरून छोट्या हातोडीनं हलके ठोके देत सरळ करा. बोट फिरवून बघा, डोळ्यापेक्षा बोटाला जास्त कळतं. खात्री करायची तर पुठ्ठ्याचा साचा काढलाय तो चौकटीत धरून बघा, चारही बाजूंना फट सारखी येते का.

स्क्रूड्रायव्हरचं टोक गंजलेल्या जागेवर दाबा. आरपार गेलं तर पुट्टी भरून झाकू नका. तिथं डेंटरकडून, म्हणजे गाडीचा पत्रा दुरुस्त करणाऱ्याकडून, पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून घ्यावाच लागतो. पुट्टीची कड रबर चढवताना तुटते, न तुटली तर पहिल्या पावसाळ्यात सुटते. विशेषतः २०१९ च्या महापुरात बुडालेली गाडी कुणी स्वस्तात घेतली असेल तर रबर काढायच्या आधीच डेंटरशी बोलून ठेवा. वरून रंग मारलेला असतो, आतून जाळी झालेली असते.

पत्रा साफ झाला की त्याच दिवशी रेडऑक्साइड. वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात. जाड हात देऊ नका, कडेची जाडी वाढली की रबर बसत नाही. मग रात्रभर सोडा, जमलं तर पूर्ण एक दिवस. लोक इथं घाई करतात. रंग वरून वाळलेला वाटतो, रबर ओढलं की सालीसारखा निघतो आणि पत्रा पुन्हा उघडा. पावसात केबिन उघडी ठेवायची नसेल तर ताडपत्री बांधा, पण रंगाला टेकू देऊ नका.

एवढं झालं की निम्म्याहून जास्त काम झालं.

रबर, दोरी आणि काच

सकाळची वेळ धरा. काम सावलीत करा, पण नवं रबर आधी अर्धा तास उन्हात ठेवा, मऊ येतं. डिसेंबरच्या गारठ्यात हेच रबर लाकडासारखं असतं. तेव्हा कोमट पाण्यात बुडवून घ्या.

छोट्या टेबलावर वाकळ घडी करून टाका आणि काच तिच्यावर अशी ठेवा की बाहेरची, म्हणजे फुगीर बाजू खाली येईल आणि कडा टेबलाबाहेर राहतील. रबराला दोन खाचा असतात. एक काचेसाठी, दुसरी पत्र्यासाठी. दोन्ही सारख्या नसतात, त्यामुळं चौकटीवर रबराचा तुकडा धरून कुठली कशाची हे आधीच ठरवा. काचेची खाच काचेवर चढवायला कोपऱ्यापासून सुरुवात करा, साबणाचं पाणी लावत लावत. सांधा असेल तर तो कोपऱ्यात येऊ देऊ नका, खालच्या बाजूला मध्यावर घ्या.

आता दोरी. पत्र्याच्या खाचेत ती सगळीकडं फिरवून दाबून बसवायची. दोन्ही टोकं खालच्या मध्यावर यायला हवीत आणि तिथं ती वीतभर एकमेकांवरून जायला हवीत. ही टोकं केबिनच्या बाजूला बाहेर काढून काचेच्या आतल्या अंगाला टेपनं चिकटवून ठेवा. दोरीमागं युक्ती एवढीच आहे: रबराचा आतला ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटवून आत घ्यायचा असतो, हातानं ते जमत नाही. दोरी ओढत गेलं की ती ओठाला उचलून पलीकडं टाकत जाते.

चौकटीच्या कडेवर आणि रबराच्या खाचेत भरपूर साबणाचं पाणी लावा. दोघांनी काच उचलून आधी खालची बाजू चौकटीत टेकवायची, मग वरची. डावी-उजवी फट सारखी आहे ना, ते आत्ताच बघा. एकदा ओठ चढला की काच सरकत नाही.

एकजण आत, दोघं बाहेर. बाहेरच्यांनी उघड्या तळव्यानं काच आत दाबून धरायची. आतल्यानं दोरीचं एक टोक धरून सावकाश ओढायचं, काचेला समांतर, काचेच्या मध्याच्या दिशेनं. सरळ स्वतःच्या छातीकडं ओढलं तर ओठ फाटतो. मध्यापासून खालच्या एका कोपऱ्यापर्यंत या, थांबा. मग दुसरं टोक घेऊन दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. मग दोन्ही बाजू आळीपाळीनं थोड्या थोड्या वर, आणि सगळ्यात शेवटी वरची बाजू, दोन्हीकडून मध्याला. आतला माणूस जिथं ओढतोय नेमकं तिथंच बाहेरच्यानं तळव्यानं थोपटायचं. थोपटायचं म्हणतोय, मुठी मारायच्या नाहीत. एकमेकांना काचेतून ओरडून सांगावं लागतं, त्यामुळं धाकट्या भावाबरोबर करत असाल तर जुनी भांडणं त्या दिवशी काढू नका.

कोपऱ्यात दोरी अडते. अडली की जोर लावायचा नाही. पाणी घाला, बाहेरच्याला तिथं दाबायला सांगा, आणि कामठीनं ओठ थोडा उचलून द्या. तरीही जात नसेल तर चार बोटं मागं येऊन बघा, ओठ कुठंतरी दुमडलेला असतो. पहिल्या वेळी मला या एका फेरीला दीड तास लागला. गॅरेजवाले मामा हेच वीस मिनिटांत करतात, तेही तोंडात तंबाखू धरून.

लॉकपट्टी नंतर. खाचेत साबणाचं पाणी, पट्टीचं टोक वरच्या मध्यावर धरून सुरुवात, आणि रबराच्या सांध्यावर पट्टीचा सांधा येऊ द्यायचा नाही. ती चढवायला वळवलेल्या तारेचं हत्यार मिळतं. नसेल तर एकानं कामठीनं खाच फाकवायची आणि दुसऱ्यानं अंगठ्यानं दाबत जायचं. अंगठे दोन दिवस दुखतात.

पाणी मारून बघा

सीलंट आधी लावत नाहीत, काच बसल्यावर आणि साबणाचं पाणी पूर्ण वाळल्यावर लावतात. रबराचा बाहेरचा ओठ थोडा उचलून आधी काच आणि रबर यांच्यामध्ये, मग रबर आणि पत्रा यांच्यामध्ये. काचेसाठीचा, न वाळणारा, मऊ राहणारा सीलंट घ्या. खिडक्यांना लावतात तो आंबट वासाचा सिलिकॉन नको. तो वास आम्लाचा असतो आणि ते आम्ल पत्र्याला गंजवतं. एवढी चौकट घासली ती कशासाठी?

दुसऱ्या दिवशी तपासणी. आत डॅशबोर्डवर आणि खाली फ्यूजच्या पेटीजवळ कोरडा पेपर पसरा. ‘पुढारी’ असो की ‘सकाळ’, ओल दोन्हीवर सारखीच दिसते. एकजण आत बॅटरी घेऊन बसू दे. बाहेरून साधी पाण्याची नळी, जोराचा पंप नाही. आधी खालच्या कडेला दोन मिनिटं पाणी सोडा, मग दोन्ही बाजू, मग वर. वरून सुरुवात केली तर पाणी कुठून शिरलं हे कळत नाही, सगळीकडूनच ओघळ येतो. थेंब आत दिसला तरी तो तिथूनच आला असेल असं नाही. पाणी रबराच्या आतून वाट काढत खालच्या कोपऱ्यात येतं. ओघळ वर वर शोधत जा, जिथं संपेल तिथं खडूनं खूण करा, वाळू द्या आणि तेवढ्याच जागी सीलंट भरा.

वायपरला नवे ब्लेड घाला. जुन्या ब्लेडमध्ये बसलेली वाळू नव्या काचेवर पहिल्याच पावसात गोल रेघा काढते. पहिल्या दिवशी रिकामी गाडी मिरज किंवा आष्ट्यापर्यंत एक चक्कर मारून आणा. शंभर-दीडशे किलोमीटर झाले की लॉकपट्टी आणि रबराचा आतला ओठ पुन्हा बोटानं फिरून बघा, कोपऱ्यात कुठं बाहेर आला असेल तर कामठीनं आत सारा. हे दुसऱ्यांदा बघणं माझ्याकडून राहिलं होतं आणि लॉकपट्टीचं एक टोक हातभर बाहेर येऊन कवठेमहांकाळपर्यंत वाऱ्यावर फडफडत गेलं.

जुनी काच पोत्यात गुंडाळून तोंड शिवा आणि मगच भंगारवाल्याकडं न्या. बाटल्यांच्या काचेबरोबर तो ती घेत नाही, मधल्या प्लास्टिकमुळं. आधी विचारून घ्या, नाहीतर माझ्यासारखी गोठ्यामागं उभी राहील, आणि म्हशी तिच्यात स्वतःला बघत बसतील.